चार बोटं

गुरुवारी सकाळी पट्टा पुन्हा सुटला, आणि या खेपेला सुटता सुटता पंख्यात अडकून त्याच्या चिंध्या झाल्या. हवाबाईनं हातातला पाना मडगार्डवर आपटला. तिथं पोचा पडला. मग तिला त्या पोच्याचाही राग आला.

हवाबाई हे नाव तिला ट्रकवाल्यांनी दिलेलं. जिथं चाक बसलं असेल तिथं ही आपला डिझेल पिकअप घेऊन हजर व्हायची. शेताच्या बांधावर, अर्धवट इमारतीच्या आवारात, भर रस्त्यात, कुठंही. सहा वर्षं तिचं हेच चाललं होतं. मागच्या हौद्यात जॅक, टायर काढायच्या पहारी, पंक्चरचं सामान, आणि बॅटरीवर चालणारा एक पंप. पंप म्हणजे नुसतं म्हणायला. मोटारीचं चाक कसंबसं भरायचा, ट्रॅक्टरचं भरताना मध्ये दोनदा विसावा मागायचा. गेल्या आठवड्यात त्यानं धूर सोडला आणि कायमचा विसावा घेतला.

नेमकं त्याच आठवड्यात दगडखाणीच्या मॅनेजरनं तिला बोलावलं होतं. बोलणं मोजकं. खाणीतल्या सगळ्या डंपरांच्या चाकांचं काम एकाच माणसाला द्यायचंय. पुढच्या शनिवारी दहा वाजता या, एक डंपर भरलेला उभा असेल, चाक बसलेलं असेल. पंधरा मिनिटांत जागच्या जागी भरून दाखवा. नाही जमलं तर शहरातली कंपनी मोठी व्हॅन घेऊन यायला तयार आहे. एवढं सगळं तो घड्याळाकडे बघत बोलला होता, आणि तेच तिला जास्त लागलं होतं. ते काम तिला हवं होतं. सहा वर्षं कुणाचं चाक कधी बसतंय याची वाट बघत फोन उशाशी घेऊन झोपायचा तिला वीट आला होता.

तोड एकच होती. हवा इंजिनावरच करायची. भंगारातल्या मोटारीचा एसीचा कॉम्प्रेसर घ्यायचा, पिकअपच्या इंजिनाला बाजूनं बसवायचा, इंजिनाच्या पुलीवरून त्याला पट्टा द्यायचा, बटण पुढं केबिनमध्ये आणि हवेची टाकी मागं हौद्यात. इंजिन चालू आहे तोवर हवाच हवा. सांगायला दोन ओळी लागतात. करायला घेतलं तेव्हा नाकी नऊ आले.

आणि करायला घेतलं होतं अप्पांनी. अप्पा म्हणजे तिचे वडील. अडतीस वर्षं बस डेपोत फिटर होते. बसचे ब्रेक हवेवर चालतात आणि ती हवा इंजिनावरचा कॉम्प्रेसर करतो, त्यामुळे असले कॉम्प्रेसर त्यांनी शेकड्यानं काढले-घातले होते. रिटायर झाल्यावर काही वर्षं बरी गेली. तिची आई गेली आणि अप्पांचा दिवस वर्तमानपत्र वाचण्यात आणि लेकीला तू नट उलट्या क्रमानं आवळतेस हे सांगण्यात जायला लागला. तिनं हे काम सांगितलं त्या संध्याकाळी त्यांनी पेटी उघडून प्रत्येक पान्याला तेल लावलं. तिला बरं वाटलं होतं. तेव्हा.

आता भानगड अशी की, कॉम्प्रेसरची पुली आणि इंजिनाची पुली अगदी एका रेषेत यावी लागते. दोन दोरे, म्हणजे पाव इंच, इकडे-तिकडे झालं की पट्टा किंचाळतो, मग तिरका चालतो, मग सुटतो. कॉम्प्रेसरची प्लेट इंजिनापासून नेमकी किती अंतरावर धरायची, तेवढ्या लांबीचे तीन बुश, म्हणजे जाड नळीचे तुकडे, लेथवर कापून घ्यायचे आणि त्यातून बोल्ट घालून प्लेट आवळायची. सगळा खेळ त्या बुशांच्या लांबीचा. आणि ती जागा अशी अडचणीची की पुढं रेडिएटर, बाजूला बॅटरी. टेप घातला तर वाकतो, पट्टी घातली तर अडते, दिसत तर काहीच नाही. फक्त हात जातो.

अप्पांना तेवढं पुरे होतं. त्यांनी छताच्या कडीला दोरी बांधून कॉम्प्रेसर लोंबता ठेवला, दोन्ही पुल्यांवर सरळ लाकडी पट्टी टेकवून तो रेषेत आणला, फटीत उजवा हात सरकवला, डोळे मिटले आणि म्हणाले, चार बोटं.

हे डेपोतलं माप होतं. अप्पांची चार बोटं एकत्र धरली की बरोबर तीन इंच भरायची. एकदा एका नव्या साहेबाला हे खोटं वाटलं म्हणून त्यानं सगळ्यांसमोर त्यांच्या बोटांना बारीक मापाचा व्हर्नियर लावला होता, आणि मग मुकाट्यानं खिशात ठेवला होता. ही गोष्ट हवाबाईनं लहानपणापासून इतक्यांदा ऐकली होती की साहेबाच्या शर्टाचा रंगही तिला पाठ होता. त्या डेपोतला लेथवाला आता दोन गल्ल्या सोडून स्वतःचा लेथ चालवायचा. तिचा तो काकाच. अप्पांकडून त्याला कधी चिठ्ठीत आकडा गेला नाही. दोन बोटं, तीन बोटं, चार बोटं असंच जायचं, आणि येणारी वस्तू जागेवर टच बसायची. मंगळवारी तिनं जाऊन सांगितलं, काका, तीन बुश, अप्पांची चार बोटं. काका हसला आणि त्यानं टेपसुद्धा हातात न घेता सळई लावली.

ते बुश बसवले आणि पट्टा सुटला. अप्पांनी फटीत हात घालून बघितला, तर बोटं आतच जाईनात. त्यांचा चेहरा उतरला. त्यानं कमी कापलेत, म्हणाले, बघ, माझी बोटं जात नाहीत. चार सांगितली होती मी.

ती बुश घेऊन परत गेली, तेव्हा अजून तोंडात साखर होती. काकानं तिच्यासमोर व्हर्नियर लावला. तीन इंच. एक दोरा कमी नाही, जास्त नाही. ती म्हणाली, तीन असतील तर अप्पांची बोटं का जात नाहीत त्यात? काकानं तिच्याकडे बघितलं, बुशाकडे बघितलं आणि विचारलं, अप्पानं परत मापलंय का? मापलंय, ती म्हणाली, दोनदा मापलंय, चार बोटंच. काकानं मान हलवली आणि बुधवारी संध्याकाळी नवे तीन बुश करून दिले. तेच आता गुरुवारी सकाळी बसवले होते, आणि पट्ट्याच्या चिंध्या तिच्या हातात होत्या.

तिनं अप्पांना म्हटलं, दोन-दोन वॉशर घालून बघू या. अप्पा ताडकन म्हणाले, वॉशर घालून अंतर जुळवतो तो फिटर नव्हे, शिंपी. त्यांनी पुन्हा कॉम्प्रेसर लोंबता करून पुन्हा हात घातला. चार बोटं. मी काय आज मापतोय का, म्हणाले. लेथवाल्याचं लक्ष नाही आता कामात. वय झालं त्याचं.

हवाबाईच्या डोक्यात तिडीक गेली. शनिवार दोन दिवसांवर आला होता. ती चिंध्या आणि बुश तशीच हातात घेऊन लेथवर गेली. तिथं चार गिऱ्हाइकं उभी होती. काका कुणाचा तरी शाफ्ट फिरवत होता. तिनं बुश त्याच्या पुढ्यात टाकले. त्यातला एक घरंगळत लोखंडाच्या किसात जाऊन पडला.

"तीन दिवस झाले काका. साधे तीन तुकडे कापता येत नाहीत तुम्हाला? डोळे गेले असतील तर लेथ विकून टाका आणि घरी बसा. दुसऱ्याचं काम कशाला बुडवता?"

लेथ फिरत राहिला. गिऱ्हाइकं आपापल्या चपलांकडे बघू लागली. ज्यानं तिला लहानपणी खांद्यावर बसवून डेपोतल्या बसच्या टपावर नेलं होतं, त्या माणसाला ती चार लोकांत असं बोलली होती. बोलताना तिला ते कळत होतं, आणि तरी जिभेला लगाम लागत नव्हता. काकानं मशीन बंद केलं, फडक्याला हात पुसले, किसातला बुश उचलून त्यावर फुंकर मारली.

"अप्पा कुठल्या हातानं मापतो? उजव्या की डाव्या?"

तिला वाटलं आता हा चेष्टा करतोय. उजव्या, ती म्हणाली, नेहमीसारखंच. का?

"सहज," काका म्हणाला. "तू नवा पट्टा आणून ठेव."

त्या संध्याकाळी तो नेहमीसारखा अप्पांशी पत्ते खेळायला आला. लाज नाही म्हणून आला, असं तिला वाटलं. तिनं चहाचा कप त्याच्यापुढं इतक्या जोरात ठेवला की बशीत अर्धा चहा सांडला. अप्पा डाव मांडता मांडता त्याला ऐकवत होतेच. अरे, पूर्वी आपण अर्धा दोरासुद्धा सोडत नव्हतो, आणि आता तुझं हे काय. काका पत्ते लावत हं हं करत होता. त्याचं पत्त्यांत लक्षच नव्हतं. तीन डाव हरला आणि गेला.

शुक्रवारी दुपारी अप्पा आडवे झाले तशी तिनं कपडे धुवायच्या साबणाची एक नवी वडी घेतली. कॉम्प्रेसर लोंबता होताच, पुल्या तिनं रेषेत आणल्या. त्या फटीत आडवी बसेपर्यंत ती वडी सुरीनं तासत राहिली. तासायची, सरकवायची, अडली की काढून पुन्हा तासायची. हातांना फेस आला, साबणाच्या चुऱ्यानं बूट भरले. शेवटी वडी आत गेली आणि हलेना. तिनं ती जपून ओढून काढली आणि तिला टेप लावला.

सव्वातीन इंच.

तिनं दुसरी वडी घेतली आणि सगळं पुन्हा केलं. सव्वातीन. म्हणजे बुश कमी पडत होते हे खरं, आणि काकानं तीनचे कापले होते हेही खरं. आणि अप्पांनी चार बोटं मापली होती. ती मोरीच्या कट्ट्यावर बसून दोन वड्यांकडे बघत राहिली. एकाचं माप बरोबर, दुसऱ्याचं काम बरोबर, आणि पट्टा सुटतोय. असं कसं असेल?

तेवढ्यात अप्पा उठून तोंड धुवायला आले. नळ त्यांनी तळव्यानं ढकलून उघडला, बोटांनी नाही. ती बघत राहिली. त्यांच्या उजव्या हाताची बोटं सांध्यांशी गाठोडी झाली होती. एकत्र धरलेली बोटं आता सरळ नव्हती, गाठींनी एकमेकांना बाजूला सारत होती. आईनं दिलेली अंगठी गेल्या वर्षी सोनाराकडून कापून काढली होती, ते तिला आठवलं. बटणांचे शर्ट सोडून अप्पा डोक्यावरून घालायचे टी-शर्ट वापरायला लागले, तेव्हा म्हातारपणी चैन सुचतेय म्हणून तिनं त्यांना चिडवलं होतं, तेही आठवलं. रोज एका घरात राहून तिला हे दिसलं नव्हतं. तिनं साबणाच्या वड्या पाठीमागं लपवल्या आणि तिला स्वतःचीच इतकी चीड आली की डोळ्यांत पाणी आलं.

डेपोतल्या तीन इंचांत पाव इंच वाढला होता, आणि हे फक्त त्या हाताला माहीत होतं.

ती लेथवर गेली तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं. तिनं काही बोलायच्या आत काकानं खण ओढला आणि फडक्यात गुंडाळलेले तीन बुश बाहेर काढले. तिनं टेप लावला. सव्वातीन.

कधी केलेत, तिनं विचारलं. आज सकाळी, तो म्हणाला. काल पत्ते खेळताना त्याचा हात टेबलावर होता, पट्टी माझ्या खिशात असतेच, आणि डोळ्यांना अजून बरं दिसतं मला. शेवटचं तो हसून बोलला, पण तिला हसू आलं नाही.

"मग सकाळीच का नाही आणून दिलेत?"

"काय सांगून देऊ? बुश बदललेले त्याला कळलं असतं, आणि का ते त्यानं विचारलं असतं. चाळीस वर्षं मी त्याच्या बोटांवर लोखंड कापलं. तुझी बोटं आता तीन इंच नाहीत, हे मी जाऊन सांगू त्याला? तू येशील म्हणून थांबलो. आली नसतीस तर संध्याकाळी आलो असतो."

तिनं त्याची माफी मागितली. तोंडातल्या तोंडात, मान खाली घालून. तिला माहीत होतं की ही माफी अपुरी आहे. चार लोकांत बोललेलं चार लोकांतच फेडायला हवं होतं. पण चार लोकांत माफी मागायची तर मग चूक कुणाची हे कुणीतरी विचारणार, आणि गल्लीतली बातमी अप्पांच्या कानावर जायला संध्याकाळ लागत नाही. काकाला हे तिच्याआधी कळलं होतं.

"उद्या सकाळी मी येतो बसवायला," तो म्हणाला. "चूक माझी, असंच सांगू. आणि तू अप्पासमोर मला एकदा बोल. काल बोललीस तसंच. नाहीतर त्याला शंका येईल."

मी नाही बोलणार, ती म्हणाली. बोलावं लागेल, काका म्हणाला, आणि खण बंद केला.

शनिवारी सकाळी सात वाजता तिघं पिकअपभोवती उभे होते. बुश गेले, बोल्ट आवळले, अप्पांनी सांगितलेल्या क्रमानं. अप्पांनी फटीत हात घातला, डोळे मिटले, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला. आता चार बोटं झाली, म्हणाले. तिनं नवा पट्टा चढवला, इंजिन चालू केलं, बटण दाबलं. कॉम्प्रेसरच्या क्लचनं खट्कन पकड घेतली. पट्टा एका रेषेत, मुकाट, जागचा न हलता फिरत राहिला. मागं टाकीवरचा काटा चढू लागला.

"इतके दिवस काय करत होतास रे?" अप्पांनी काकाला विचारलं.

काका म्हणाला, लेथवरचं माप सरकलं होतं, लक्षात आलं नाही. मग त्यानं हवाबाईकडे बघितलं आणि वाट बघू लागला. तिनं तोंड उघडलं. काका, तीन दिवस झाले, एवढंच ती बोलली. परवा रागात इतके भराभर आलेले शब्द आज एकेक ओढून काढावे लागत होते आणि निघत नव्हते. ती पान्यानं आधीच घट्ट असलेला नट आवळत बसली.

राहू दे गं, अप्पा म्हणाले, माणूस आहे, चुकतो कधी कधी. त्यांनी उदार होऊन काकाच्या पाठीवर थाप मारली. काकानं मान खाली घातली. त्या क्षणी तिला दोघांचाही, स्वतःचाही आणि शनिवारचाही भयंकर राग आला.

खाणीवर तिघंही गेले. अप्पांना आपलं काम चालताना बघायचं होतं, आणि अप्पा जाणार म्हणून काका. डंपर दगडांनी भरून उभा होता, मागचं चाक बसलेलं. मॅनेजरनं घड्याळ बघितलं. तिनं इंजिनाची गती वाढवून ठेवली, नळी जोडली, आणि सगळे नुसते उभे राहिले, कारण करण्यासारखं काही नव्हतं. बारा मिनिटांनी चाक पुरतं भरलं. मॅनेजर म्हणाला, सोमवारपासून या. या खेपेला तो घड्याळाकडे न बघता बोलला. तिला वाटलं होतं आपल्याला फार आनंद होईल. झाला, पण छातीवरचा दगड जागचा हलला नाही.

परतताना तिघं पुढच्या एकाच सीटवर दाटीवाटीनं बसले होते, मध्ये अप्पा. डॅशबोर्डवर आधीचे तीन इंची बुश पडलेले होते, वळणावळणाला इकडून तिकडे घरंगळत. ते तिनं टाकून द्यायला हवे होते. त्यातला एक घरंगळत अप्पांपुढं आला. त्यांनी तो उचलला, मांडीवर आडवा धरला आणि सवयीनं त्यावर चार बोटं टेकवली.

बोटं बुशाच्या बाहेर आली. पाव इंच.

त्यांनी हात उचलून पुन्हा ठेवला. मग डावा हात ठेवून बघितला. बराच रस्ता गेला. ती समोर बघत गाडी चालवत राहिली, आणि काका खिडकीबाहेर असं काही बघत होता की जणू विजेचे खांब मोजायचं काम त्याला कुणी दिलंय.

"हा किती आहे रे?" अप्पांनी विचारलं.

"तीनला कमी असेल," काका खिडकीला म्हणाला.

"थापा मारू नकोस. तुझ्या लेथवर जन्मात कधी कमी कापलं गेलं नाही."

अप्पांनी बुश जागेवर ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले.

"पुढच्या वेळी टेपनं मापून आकडा पाठवतो," ते म्हणाले.

"टेप नको," काका म्हणाला. "तू चार बोटंच सांग. किती ते मला माहितीये आता."

अप्पा हसले की काय ते तिला दिसलं नाही, कारण पुढं गल्लीचं वळण आलं होतं. तिनं गाडी घराकडे न नेता लेथसमोर थांबवली. शनिवार असल्यानं बंद दारापुढं सात-आठ गिऱ्हाइकं काकाची वाट बघत उभी होती, आणि त्यात गुरुवारची दोघं होती. ती इंजिन चालू ठेवूनच उतरली, वळसा घालून काकाच्या बाजूचं दार उघडलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"काका, परवा मी तुम्हाला नाही नाही ते बोलले. बुश बरोबर होते. चूक आमच्या घरची होती. मला माफ करा."

काका संकोचून पाय खाली टाकायचंच विसरला. सगळी गिऱ्हाइकं तिच्याकडे बघत होती. आतून, सीटच्या मधोमध बसलेले अप्पा मोठ्यानं म्हणाले,

"चूक घरची नाही, माझी. नीट सांग."